पाठकोरा

भामरेकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात
आता मला काही सांगावं लागत नाही.
फाईल काचेवर ठेवली की तेच विचारतात,
'दहावीपासून सगळं, का नुसतं टॅली?'
मग तो हिरवा उजेड
माझ्या गुणपत्रिकेवरून सरकत जातो,
कपाळावर ताप बघणाऱ्या हातासारखा.
आज म्हणाले, शेवटच्या दोन प्रती फुकट.
मला ते आवडलं नाही.

अवधानच्या एमआयडीसीत रिक्षा सीटवर जाते,
तिघांच्या जागेत पाच,
आणि फाट्यापासून पुढे पायी.
एप्रिलातच चव्वेचाळीस.
स्कार्फ बांधला तर केस चपटे होतात,
नाही बांधला तर चेहरा करपतो.
अर्धा रस्ता बांधला,
अर्धा रस्ता हातात धरून चालले.

जागा एक. स्टोअर असिस्टंट. पगार बोलून ठरवू.
बाकांवर, पायरीवर, निंबाच्या बुडाशी आम्ही सव्वीस जण.
शहाद्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली एक
दर दहा मिनिटांनी घरी फोन लावून
बाळ दूध प्यालं का विचारायची.
वॉचमन सगळ्यांनाच साहेब म्हणत होता,
उद्या यातलं कोण होईल
त्याला तरी काय ठाऊक.

मग शिपायानं कागद वाटले.
तीनशे चाळीस गोणी. सत्तावन्न पाठवल्या.
बारा फाटक्या निघाल्या. शिल्लक सांगा.
मी दोनशे एकाहत्तर लिहिलं
आणि शाई मागे फुटली का बघायला
कागद उलटा केला.

मागे भटू रामदास खैरनार.
मु. पो. मुकटी. आयटीआय फिटर, एकोणऐंशी टक्के.
अक्षर रेघेवर बसवलेलं.
छंद: व्हॉलीबॉल, जुने पंखे दुरुस्त करणे.
अपेक्षित पगारापुढे आधी दहा हजार,
ते खोडून आठ,
तेही खोडून, 'आपण द्याल तो'.
फोटोच्या जागी पिनेची दोन भोकं.
माझी वजाबाकी
नेमकी त्या भोकांमागे उमटलेली.

सूतगिरणीत दिलेला माझा अर्ज आठवला,
दालमिलमधला, पतपेढीतला,
त्या गोंदूर रोडच्या शोरूममधला.
कोण कुठं बसून
माझ्या पाठीवर काय वजा करत असेल.

शिपायाला म्हटलं, शाई सांडली, दुसरा द्या.
दोनशे एकाहत्तर पुन्हा लिहिलं.
त्या दुसऱ्या कागदाच्या मागे
मी पाहिलं नाही.

मुलाखत चार मिनिटं.
'लग्न?'
'नाही.'
'म्हणजे होईल.'
माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं,
त्यांनाही ते नकोच होतं.
'कळवतो.'

संध्याकाळी देवपुरात, गल्लीच्या तोंडाशी
नळाला हंडा लावून बसलेली जिजाकाकू,
'लागनी का वं माय?'
हंडा भरून वाहत होता, तिचं लक्ष माझ्याकडे.
मी नळ बंद केला आणि वर गेले.

गच्चीची फरशी अजून पाय ठेवू देत नव्हती.
खालून भाकरी थापल्याचा आवाज.
घडी उलगडली आणि तो नंबर लावला.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
एवढंच म्हणायचं होतं,
की दादा, तुमचा एक कागद माझ्याकडे आहे,
चुरगळलेला नाही.

एक रिंगसुद्धा पुरी झाली नाही.
'हॅलो. हां सर, बोला सर.
खैरनारच बोलतोय.
उद्यापासूनसुद्धा येऊ शकतो.'

त्याच्या मागे एक पंखा करकरत होता,
आणि फोन छातीशी दाबून
तो घरात कुणाला तरी सांगत होता
तेवढा बंद कर,
कंपनीचा आवाज
नीट येऊ दे.